गुळगुळीतपणाचा गुन्हा

जॅझच्या जाणकारांत वावरताना एक गोष्ट आमच्या फार लवकर ध्यानात आली. तिथे अज्ञान क्षम्य असते. आवड मात्र तपासून घेतली जाते. तुम्ही जॉन कोल्ट्रेन ऐकलेला नाही असे कबूल केलेत, तर कुणी ना कुणी तो तुम्हांला प्रेमाने ऐकवतो. पण 'आम्ही बॉब जेम्स आवडीने ऐकतो' असे म्हणून पाहा. समोरच्या चेहऱ्यावर एक सौम्य, समजूतदार स्मित उमटते आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो : 'म्हणजे ते लिफ्टमध्ये वाजते ते?' हा लेख त्या स्मिताच्या विरोधात आहे. ते स्मित ज्यांना ठाऊक नाही ते वाचक भाग्यवान समजावेत. त्यांनी तरीही पुढे वाचावे, कारण आज ना उद्या कुठल्या तरी कलेच्या दारात ते त्यांनाही भेटणारच आहे.

खटला ज्या तबकडीवर चालवला गेला तिचे नाव 'वन'. अमेरिकन पियानोवादक आणि संगीतसंयोजक बॉब जेम्स यांची ही तबकडी क्रीड टेलर यांच्या सीटीआय या कंपनीने १९७४ साली काढली. सहा रचना, सुमारे ३७ मिनिटे. त्यांतल्या तीन जेम्स यांच्या स्वतःच्या, एक त्या वर्षी रॉबर्टा फ्लॅक यांच्या आवाजात गाजलेले गीत, एक पाखेलबेलच्या सुप्रसिद्ध कॅननवर बेतलेली आणि एक मुसोर्ग्स्कीच्या 'नाइट ऑन बाल्ड माउंटन'ची नवी मांडणी. आरोपपत्र थोडक्यात असे : हे संगीत गोड आहे, गुळगुळीत आहे, ते श्रोत्याकडे काहीच मागत नाही; ते जॅझची वेशभूषा करून आलेले बाजारू रंजन आहे; आणि पुढे रेडिओवर 'स्मूद जॅझ' या नावाने जो पूर आला त्याचा उगम इथे आहे.

आता या आरोपपत्राची कलमे एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट कालक्रमाची. 'स्मूद जॅझ' ही १९७४ सालची संज्ञाच नव्हे. ती रूढ झाली १९८०च्या दशकाच्या अखेरीस, आणि तीही संगीतकारांच्या किंवा समीक्षकांच्या तोंडून आलेली नाही. ती रेडिओच्या धंद्यातून आली. लॉस एंजेलिसमध्ये १९८७ साली 'द वेव्ह' हे केंद्र सुरू झाले, त्याच्या यशामागोमाग इतर शहरांत तशी केंद्रे निघाली आणि त्यांना सल्ला देणाऱ्या संस्था श्रोत्यांना एकत्र बसवून, गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवून, पसंती-नापसंतीची मोजदाद करू लागल्या. कुणाला काय खटकले ते पाहून ते काढून टाकायचे, अशी ही पद्धत. जे उरले त्याला नाव हवे होते; ते मिळाले. म्हणजे तेरा-चौदा वर्षांनी जाहिरातीच्या सोयीसाठी एक फडताळ बनवले गेले, त्यावर चिठ्ठी लागली, आणि मग समीक्षकांनी मागे वळून १९७४ची एक तबकडी उचलून त्या फडताळात ठेवली व म्हटले, 'पाहा, ही इथलीच.' ज्या मंडळींना बाजाराचा इतका तिटकारा, त्यांनी बाजाराने छापलेली चिठ्ठी मात्र निमूटपणे प्रमाण मानावी, यातला विनोद त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

शिवाय ही तबकडी त्या फडताळात मावत तरी होती का? तिची पहिलीच रचना, 'व्हॅली ऑफ द शॅडोज', नऊ मिनिटांहून लांब आहे. ती गडद आहे, तुटक आहे, मधूनच अंगावर येते. स्टीव्ह गॅड यांचे ड्रम्स तिच्यात शांत बसू देत नाहीत. सेकंदांच्या तुकड्यांवर पसंती मोजणाऱ्या कुठल्या केंद्राने ती दुपारी चार वाजता कचेरीत काम करणाऱ्यांसाठी लावली असती? ज्या गुन्ह्याचे मूळ म्हणून हिच्याकडे बोट दाखवले जाते, त्याच गुन्ह्याच्या कसोटीवर ही स्वतः नापास होते.

दुसरे कलम नैतिक आहे, म्हणून अधिक घातक. त्याचा आशय असा की जेम्स यांनी जाणूनबुजून सोपी वाट धरली. त्यांना दुसरे काही येत नव्हते, किंवा येत असूनही त्यांनी ते विकले. इथे या माणसाचा पूर्वेतिहास पाहणे भाग आहे. १९६२ साली एका महाविद्यालयीन जॅझ महोत्सवात क्विन्सी जोन्स यांचे लक्ष या तरुणाकडे गेले आणि त्यांनीच त्याची पहिली तबकडी, 'बोल्ड कन्सेप्शन्स', १९६३ साली काढली. दुसरी आली १९६५ साली : 'एक्स्प्लोजन्स'. ती काढणारी कंपनी होती ईएसपी-डिस्क, म्हणजे अल्बर्ट आयलर यांच्यासारख्या बंडखोरांचे घर. त्या तबकडीवर रॉबर्ट अ‍ॅश्ले आणि गॉर्डन मम्मा या प्रयोगशील संगीतकारांचे फितीवरचे इलेक्ट्रॉनिक आवाज आहेत, ठेच लागावी अशी शांतता आहे, आणि नावाला जागणारे स्फोटही आहेत. यानंतर जेम्स काही वर्षे सेरा व्हॉन यांच्या साथीला होते. गाणारीच्या मागे बसून, तिच्या श्वासाच्या अंतराने हात आखडता घेण्याची ती शाळा होती.

तेव्हा १९७४ साली जे समोर आले ते अडाणीपणातून आलेले नव्हते. ही त्यांची तिसरी तबकडी, आणि तिचे नाव त्यांनी 'वन' ठेवले. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुढच्या तबकड्यांची नावे 'टू', 'थ्री' अशीच चालली. टीकाकारांना या नावात पूर्वीच्या बंडाचा इन्कार दिसतो. आम्हांला त्यात एका पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या कलावंताचे शांत विधान दिसते : स्फोट करून पाहिले, आता दुसरे काही करून पाहतो. ध्रुपदाकडून ठुमरीकडे वळलेल्या गायकाचे काय घसरले, हा प्रश्न तो काय गातो हे ऐकल्यानंतर विचारायचा असतो. आधी विचारला तर तो निव्वळ जातीचा दाखला मागणे ठरते.

आणि ऐकायचे तर कुठल्या मापाने? जॅझच्या समीक्षेचे प्रमुख माप म्हणजे एकल वादकाचे उत्स्फूर्त वादन. कोण किती धाडसाने सुरांच्या चौकटीबाहेर गेला, कुणी किती आवर्तने नवे काही सांगत राहिला, यावर तिथे प्रतिष्ठा ठरते. माप चांगलेच आहे. पण ते एकमेव माप नव्हे. 'वन'चा मुख्य कलाव्यवहार संयोजनाचा आहे. कुठल्या वाद्याला केव्हा बोलू द्यायचे, दोन आवाजांमध्ये किती मोकळी जागा ठेवायची, इलेक्ट्रिक पियानोच्या घंटेसारख्या नादाखाली तंतुवाद्यांचा पडदा किती पातळ ठेवायचा, ही इथली कलाकुसर आहे. जेम्स तेव्हा सीटीआयच्या इतर कलावंतांसाठीही संयोजन करत होते, आणि ही तबकडी झाली ती रूडी व्हॅन गेल्डर यांच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओत. त्याच छताखाली दहा वर्षांपूर्वी कोल्ट्रेन यांची 'अ लव्ह सुप्रीम' मुद्रित झाली होती. वास्तूमुळे कुणी थोर ठरत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या कानांनी कोल्ट्रेन टिपला तेच कान इथेही होते, एवढे तरी नोंदवून ठेवावे.

तिसरे कलम सर्वांत लोकप्रिय : हे पार्श्वसंगीत आहे, ते लक्ष मागत नाही. या कलमाबाबत समीक्षेचा व्यवहार पाहिला तर तिची तराजू दोन पारड्यांत दोन वजने वापरते असे दिसते. फ्रान्समध्ये एरिक सती याने १९१७ साली 'फर्निचर-संगीत' नावाची कल्पना मांडली : खोलीतल्या खुर्चीसारखे असावे असे, मुद्दाम न ऐकण्यासाठीचे संगीत. तिच्यावर आज प्रबंध लिहिले जातात. ब्रायन ईनो यांनी १९७८ साली विमानतळांसाठी म्हणून तबकडी काढली आणि लक्ष दिले तरी चालेल, दुर्लक्ष केले तरी चालेल अशा संगीताची रीतसर भूमिका सोबत छापली. ती आधुनिक अभिजात ठरली, आणि ते योग्यच झाले. मग विमानतळावरचे संगीत कला, आणि लिफ्टमधले संगीत अपराध, हा भेद कुणी केला? आम्हांला दिसणारे उत्तर फारसे सुखद नाही. ईनो यांनी भूमिका लिहिली. जेम्स यांनी लिहिली नाही. समीक्षकाला वाचायला काहीतरी मिळाले की त्याला ऐकू येऊ लागते.

याहून मोठी गंमत इतिहासात दडली आहे. थिओडोर अडोर्नो या जर्मन विचारवंताने १९३६ साली टोपणनावाने 'जॅझविषयी' नावाचा निबंध लिहिला. त्याची तक्रार अशी की जॅझ हा बाजाराचा माल आहे, त्यातले स्वातंत्र्य वरवरचे आहे, उत्स्फूर्ततेचा आव आणून तो श्रोत्याला चाकोरीतच फिरवतो. हा निबंध जॅझच्या चाहत्यांना आजही झोंबतो, आणि त्याला उत्तर देताना ते म्हणतात, 'या माणसाने नीट ऐकलेच नाही.' बरोबर आहे. मात्र तीच मंडळी बॉब जेम्स यांच्याबद्दल लिहायला बसली की अडोर्नोचा तोच कागद पुढ्यात ओढतात. 'जॅझ' हा शब्द खोडून वर 'स्मूद जॅझ' लिहितात, आणि बाकी मजकूर तसाच ठेवतात. सासुरवास सोसलेल्या सुनेने सासू होताच तीच काठी उचलावी, तसा हा प्रकार आहे.

आता खटल्यातल्या त्या साक्षीदारांकडे वळू, ज्यांना समीक्षकांनी कधी बोलावलेच नाही.

'वन'ची शेवटची रचना 'नॉटिलस'. दुसऱ्या बाजूची अखेरची. तबकडीच्या केंद्राजवळ सुई येते तेव्हा तिच्याखालून सरकणारी खाच तेवढ्याच वेळात कमी अंतर कापते, त्यामुळे आवाजाचा कस तिथे थोडा उतरतो; म्हणून कमी महत्त्वाच्या रचना शेवटी ढकलण्याचा प्रघात होता. जेम्स यांनीही मुलाखतींतून ती भर घातल्यासारखीच होती असे सांगितले आहे. तिच्यात काय आहे? सुरुवातीला पाण्याखालून यावा तसा घुमणारा आवाज. मग गॅरी किंग यांच्या बासचा एक घोटीव, फिरून फिरून येणारा बोल. त्यावर इद्रिस मुहम्मद यांचे ड्रम्स. हा न्यू ऑर्लिन्सचा माणूस. त्या शहरातल्या रस्त्यावरच्या मिरवणुकींची चाल त्याच्या हातात आहे, पण इथे तो ती आखडून, कोरडी करून वाजवतो. प्रत्येक आघातानंतर एक लहानशी पोकळी राहते. त्या पोकळीत जेम्स यांचा इलेक्ट्रिक पियानो दोन-चार सूर टाकतो आणि बाजूला होतो.

ही पोकळी प्रथम कुणी ऐकली? प्रतिष्ठित मासिकांत लिहिणाऱ्यांनी नव्हे. ती ऐकली न्यूयॉर्कच्या वस्त्यांतल्या पोरांनी, ज्यांच्याकडे वाद्ये नव्हती पण दोन फिरत्या तबकड्या होत्या. ब्रॉन्क्समध्ये कूल हर्क याने १९७३च्या ऑगस्टमध्ये ज्या मेळाव्यापासून हिप-हॉपचा आरंभ मानला जातो तो भरवला, त्यानंतर पंधरा वर्षांच्या आत 'नॉटिलस' या कलेच्या शब्दकोशातला एक मूळ शब्द होऊन बसली. स्लिक रिक यांची 'चिल्ड्रन्स स्टोरी' आणि एरिक बी. व राकिम यांची 'फॉलो द लीडर' या १९८८च्या रचना, घोस्टफेस किला यांची १९९६ची 'डेटोना ५००' : यादी लांबवता येईल. 'टू' या पुढच्या तबकडीतल्या 'टेक मी टु द मार्डी ग्रास'च्या आरंभीच्या घंटा रन-डीएमसी यांनी १९८६ साली 'पीटर पायपर'मध्ये घेतल्या, आणि त्या घंटा आज कोट्यवधी लोकांना ठाऊक आहेत. त्या कुणाच्या, हे मात्र ठाऊक नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जे संगीत 'लक्ष मागत नाही' असे सांगितले गेले, त्याच्याकडे या मुलांनी इतके लक्ष दिले की त्यातला एकेक ठोका त्यांना सुटा दिसला. तबकडीच्या शेवटच्या, दुर्लक्षित खाचेपर्यंत सुई नेऊन ते थांबले. लक्ष मागणे हे संगीताचे काम असते की लक्ष देणे हे ऐकणाऱ्याचे? समीक्षेने या प्रश्नाला बगल दिली आणि आपल्या कानांचा आळस कलाकृतीच्या खाती जमा केला.

इथवर आमच्याबरोबर आलेला वाचक आता सुटकेचा निःश्वास टाकून म्हणेल, 'चला, म्हणजे हिप-हॉपने बॉब जेम्स यांना तारले.' आमचे दुसरे भांडण नेमके या वाक्याशी आहे. १९९०च्या दशकानंतर हेच मत फॅशनेबल झाले. आता 'वन' आवडते असे म्हणायला हरकत नाही; फक्त पुढे घाईने जोडायचे की 'म्हणजे, सॅम्पलसाठी हो.' जणू ही तबकडी दगडाची खाण आहे. मूर्ती दुसऱ्यांनी घडवल्या, म्हणून खाणीला मान. जुन्या टीकाकाराने तिला ऐकले नाही. नवा चाहता तिच्यातले सात सेकंद ऐकतो. 'पीटर पायपर'मधल्या घंटा तर जेम्स यांची मुख्य सुरावट सुरू होण्याआधीच्या आहेत. म्हणजे या न्यायाने त्यांचे मोठेपण ते वाजवायला लागण्यापूर्वीच संपते! हा सन्मान आहे की अधिक सभ्य अवहेलना, हे ज्याचे त्याने ठरवावे. 'नॉटिलस' पाच मिनिटांची आहे. तंतुवाद्ये कुठे चढतात, बासचा बोल कुठे मोडून पुन्हा जुळतो, पियानो किती थोडे बोलतो, हे सारे त्या पाच मिनिटांच्या क्रमात आहे. ती क्रमाने ऐकण्याचा हक्क तिला आहे.

आम्ही या तबकडीची आरती ओवाळायला बसलेलो नाही, तेव्हा दोषही सांगतो. मुसोर्ग्स्कीची मांडणी आम्हांला फुगलेली वाटते. आदल्याच वर्षी सीटीआयनेच काढलेल्या देओदातो यांच्या 'झरथुस्त्र'ने लोकप्रियतेचा उच्चांक गाठला होता. त्या हवेत हा डोंगर उभा राहिला हे लपत नाही, आणि चेटकिणींच्या त्या रात्रीतले भय इथे झगमगाटात हरवते. पाखेलबेलवरची रचना सुंदर आहे, पण तिचे सौंदर्य बरेचसे पाखेलबेलचेच आहे. 'सोलेरो' म्हणजे 'सोल' आणि 'बोलेरो' यांचा नामविनोद. विनोदाइतकीच ती टिकते. रॉबर्टा फ्लॅक यांच्या गीताची आवृत्ती मात्र आम्ही जपू : शब्द काढून घेतल्यावरही त्या सुरावटीत आर्जव शिल्लक राहते, हे तिथे कळते. एकंदरीत सहांपैकी तीन रचना भक्कम, एक बरी, दोन कच्च्या. मान्यवर जॅझ-तबकड्यांपैकी कितींचा हिशेब याहून चांगला निघेल, हे त्यांच्या भक्तांनी प्रामाणिकपणे सांगावे.

आणि नंतरच्या स्मूद जॅझबद्दल काय? त्यातले पुष्कळसे आम्हांलाही सोसवत नाही. लुई आर्मस्ट्राँग यांच्या गाण्यावर मरणोत्तर आपला सॅक्सोफोन चढवणाऱ्या केनी जी यांच्यावर गिटारवादक पॅट मेथनी २००० साली जाहीरपणे तुटून पडले, तेव्हा त्यांचा संताप आम्हांला समजला. पण संतापाला निशाणी हवी. एका माणसाच्या एका कृतीवरचा राग हळूहळू एका अख्ख्या नादाविरुद्धचा कायदा झाला, की मग इलेक्ट्रिक पियानोचा पहिला सूर ऐकताच निकाल लागतो. तो कायदा करवणारी रेडिओकेंद्रेही आता पुष्कळशी राहिलेली नाहीत. न्यूयॉर्कचे प्रमुख केंद्र २००८ साली आणि शिकागोचे २००९ साली दुसऱ्या संगीताकडे वळले. फडताळ मोडले, चिठ्ठी तेवढी तबकडीला चिकटून राहिली.

हे सारे आम्हांला इतके का लागते, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्या भाषेतच आहे. 'सुगम संगीत' हा शब्द आपण रोज वापरतो. सुगम, म्हणजे जिथे सहज जाता येते ते. या शब्दात मुळात निंदा नाही. पण 'तो काय, सुगम गातो' हे वाक्य कुठल्या सुरात म्हटले जाते, ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. आणि १९५२ साली केंद्रीय मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार केली, तेव्हा श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले, हेही आपल्याला ठाऊक आहे. सहज पोहोचणाऱ्या गोष्टीचा संशय घेणे हा आपला जुना संस्कार आहे. दुर्गम गडावर चढून गेल्याचा अभिमान जरूर असावा. पण पायथ्याच्या गावात राहणारे लोक केवळ ते सपाटीवर राहतात म्हणून हलके ठरत नाहीत.

शेवटी एक कबुली. आम्हीही ते स्मित केलेले आहे. तरुणपणी घरी जाणकार मित्र यायचे असले की 'वन' आम्ही कपाटात मागे सरकवत असू आणि तिच्या जागी काहीतरी अवघड दिसेल असे ठेवत असू. एकदा ती वाजत असतानाच कुणी आले, आणि आम्ही घाईने सुई उचलली. 'नॉटिलस' अर्ध्यावर तुटली. आलेल्या मित्राने विचारले, 'काय लावले होते? छान होते.' आम्ही म्हणालो, 'काही नाही, असेच.'

त्या 'काही नाही, असेच'ची परतफेड म्हणून हा लेख लिहिला आहे. ज्यांना अजूनही ही तबकडी लिफ्टमधली वाटते त्यांनी ती एकदा उलटी करून शेवटच्या खाचेपर्यंत ऐकावी, आणि मग आमच्याशी खुशाल भांडावे. न ऐकता भांडणाऱ्यांना मात्र आम्ही यापुढे उत्तर देणार नाही.